अ‍ॅसिड, कॉस्टिक, हायपो उपसायचा पंप: निवड, जोडणी आणि जुगाडाची मर्यादा

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर जाऊन "अ‍ॅसिडचा पंप दाखवा" म्हटलं की दुकानदार पांढऱ्या नाहीतर करड्या प्लास्टिकचा एक पंप काउंटरवर ठेवतो. भाव ठरतो, पंप टेम्पोत चढतो. बहुतेक चुका इथेच सुरू होतात, कारण सगळ्या अ‍ॅसिडना चालेल असा एक पंप बाजारात नाही. ३३ टक्के हायड्रोक्लोरिकवर वर्षानुवर्षं चालणारा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा पंप ९८ टक्के सल्फ्युरिकवर लावला तर ठिसूळ होऊन तडकतो. सल्फ्युरिकसाठी घेतलेलं चांगलं स्टेनलेस हायड्रोक्लोरिकमध्ये चाळणीसारखं होतं.

साकीनाका, कुर्ला, वसईच्या गाळ्यांत प्लेटिंग (धातूवर मुलामा) किंवा पिकलिंग (अ‍ॅसिडने धातूवरचा गंज काढणं) करणारे आणि सोसायटीच्या तरणतलावाची, एसटीपीची (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची) देखभाल पाहणारे यांच्यासाठी हा लेख आहे. कॉस्टिक म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण (लाय), हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पंप तिसऱ्या टप्प्यावर येतो, पहिल्या नाही.

एक अपवाद आधीच सांगतो: हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड या लेखात धरलेलं नाही. ते काच आणि सिरॅमिक खातं, कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम ओढतं, आणि सुरुवातीला दुखतही नाही. त्यासाठी प्रशिक्षित माणूस आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर कॅनचं झाकणही उघडू नका.

## टप्पा १: आधी द्रवाची माहिती कागदावर

पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट मागून घ्या. ती देणं त्याचं काम आहे, उपकार नव्हे. त्यातून नाव, तीव्रता, घनता आणि कशाबरोबर मिसळायचं नाही, एवढं एका कागदावर उतरवा. गाळ्यात प्रत्यक्ष तापमान किती असतं आणि द्रवात गाळ किंवा खडे असतात का, हे तुम्ही स्वतः पाहून लिहा.

तीव्रता नुसती "कडक" किंवा "पातळ" अशी लिहू नका. सल्फ्युरिकच्या बाबतीत ३० टक्के आणि ९८ टक्के ही पंपासाठी दोन वेगळी रसायनं आहेत.

घनतेचे (लिटरला किती किलो) नेहमी लागणारे आकडे असे: बाजारातलं ३० ते ३३ टक्के हायड्रोक्लोरिक साधारण १.१५ ते १.१६, ९८ टक्के सल्फ्युरिक १.८४, ८५ टक्के फॉस्फोरिक १.६८ च्या आसपास, ५० टक्के कॉस्टिक लाय सुमारे १.५, हायपोक्लोराइट साधारण १.२. हे आकडे पुढे मोटर ठरवताना लागतील. ३५ लिटरच्या कॅनमध्ये ९८ टक्के सल्फ्युरिक असेल तर नुसत्या अ‍ॅसिडचं वजन ६४ किलो होतं. असा कॅन एकट्या माणसाने उचलून ओतायचा नसतो, तो म्हणतो "जमेल" तरीही.

तपासा: वापरून झालेलं पिकलिंगचं अ‍ॅसिड असेल तर त्यात लोह आणि गाळ असतो. ते वेगळा द्रव म्हणून लिहा.

## टप्पा २: द्रवाला लागणारा प्रत्येक भाग ओळखा

पंपाच्या बाहेर "पीपी" लिहिलेलं असतं ते फक्त बॉडीबद्दल. द्रव बॉडीशिवाय इम्पेलर, शाफ्ट, बुश, सील, सीलमधली स्प्रिंग, ओ-रिंग, पाइप, व्हॉल्व्ह, फूट व्हॉल्व्ह (ओढायच्या पाइपाच्या तळाची झडप) आणि गेज या सगळ्यांना लागतो. पंप फुटतो तो यातल्या सर्वांत कमजोर भागाने, आणि तो भाग बहुतेक वेळा दहा-वीस रुपयांची ओ-रिंग असते.

दुकानातच पंप उघडून दाखवायला सांगा. सील असलेला साधा सेंट्रिफ्यूगल पीपी पंप उघडला की इम्पेलरच्या मागे मेकॅनिकल सील दिसतं: एक काळी कार्बनची कडी, एक पांढरी सिरॅमिकची, आणि त्यांना दाबून धरणारी चकचकीत स्प्रिंग. ती स्प्रिंग स्टेनलेसची आणि द्रवाच्या बाजूला असेल, तर हायड्रोक्लोरिकमध्ये ती आधी डागाळते, मग तुटते, आणि अ‍ॅसिड शाफ्टवरून थेट मोटरच्या बेअरिंगमध्ये उतरतं. बाहेरून पंप अजून नव्यासारखा दिसत असतो. स्प्रिंग बाहेरच्या बाजूला असलेलं किंवा टेफ्लॉनच्या बेलोचं (लवचीक घड्यांच्या नळीचं) सील मागा. त्याहून बरं म्हणजे सील नसलेला पंप घ्या.

आता एकेक द्रव. खाली येणारी पीपी, पीव्हीसी, पीव्हीडीएफ, टेफ्लॉन ही प्लास्टिकं; ईपीडीएम, वायटन, नायट्राइल ही रबरं; एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील.

हायड्रोक्लोरिक: पीपी, पीव्हीसी, पीव्हीडीएफ, टेफ्लॉन चालतात. ओ-रिंग ईपीडीएम किंवा वायटन. एसएस ३०४ आणि ३१६ दोन्ही बाद. "३१६ आहे, काही होत नाही" असं सांगणाऱ्या दुकानातून बाहेर पडा.

९८ टक्के सल्फ्युरिक: पीपी, पीव्हीसी, ईपीडीएम, नायट्राइल यांपैकी काहीच नको. टेफ्लॉन, या तीव्रतेसाठी उत्पादकाने लेखी मान्य केलेला पीव्हीडीएफ आणि वायटन घ्या. साध्या तापमानाला एसएस ३१६ चालतं, म्हणून ड्रम पंपाच्या नळ्या त्यात मिळतात. पण अ‍ॅसिड पातळ झालं की तेच स्टील झपाट्याने खाल्लं जातं. हे अ‍ॅसिड हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात अर्धवट धुवून ठेवलेला स्टीलचा पंप आतून सडतो.

पातळ सल्फ्युरिक आणि बॅटरीचं अ‍ॅसिड: इथे उलट. पीपी आणि ईपीडीएम उत्तम, स्टील नको.

नायट्रिक: तीव्र नायट्रिक पीपीला ठिसूळ करतं. एसएस ३०४ साध्या तापमानाला चांगलं टिकतं. टेफ्लॉनही टिकतं. पितळ आणि तांबं जवळपास फिरकूही देऊ नका, तांबूस विषारी वायू सुटतो.

कॉस्टिक: पीपी आणि ईपीडीएम. साध्या तापमानाला स्टेनलेसही चालतं. इथे फसवतात त्या महागड्या वस्तू: पीव्हीडीएफला कॉस्टिकमुळे भेगा पडतात आणि वायटन खराब होतं. "सगळ्यात भारी मटेरियल द्या" म्हणून पैसे मोजणारा माणूस कॉस्टिकमध्ये हमखास चुकतो. अ‍ॅल्युमिनियम आणि गॅल्व्हनाइज्ड भाग नकोत, त्यातून हायड्रोजन सुटतो. सिरॅमिक शाफ्टऐवजी सिलिकॉन कार्बाइड मिळाला तर घ्या.

हायपोक्लोराइट: पीव्हीसी, पीव्हीडीएफ, टेफ्लॉन. पीपी सुरुवातीला साथ देतो, पण काळाने ठिसूळ होतो. स्टेनलेसला खड्डे पडतात. शिवाय लोखंड, तांबं, निकेल यांचा अंश मिसळला तरी हायपो लवकर विघटित होऊन वायू सोडतं.

तपासा: ज्या ओ-रिंगबद्दल शंका आहे तिचा सुटा तुकडा त्याच द्रवात, झाकणाच्या योग्य बाटलीत चार-पाच दिवस बुडवून ठेवा. काढल्यावर फुगला, मऊ पडला, चिकट झाला किंवा हातमोज्याला काळा लागला तर ती रिंग नको. ही चाचणी नापास करायला पुरेशी आहे, पास करायला नाही. होकार उत्पादकाच्या तक्त्यावरूनच घ्या.

## टप्पा ३: आता पंपाचा प्रकार

किती द्रव, किती वेळा आणि कुठून कुठे, यावर प्रकार ठरतो.

आठवड्यातून एखादा कॅन रिकामा करायचा असेल तर मोटरचा पंप घेऊच नका. कॅन पकडून हळूहळू तिरपा करणारा लोखंडी सांगाडा (इपॉक्सी रंग दिलेला) किंवा योग्य मटेरियलचा हातपंप पुरतो. फिरणारा भाग नाही, वीज नाही, दाब नाही. लहान गाळ्यासाठी माझी पहिली पसंती हीच.

रोज पिंप उपसायचं असेल तर ड्रम पंप. लांब नळी पिंपात उतरते, मोटर वर राहते. एका द्रवाला एकच नळी, असा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

टाकीतून टाकीत सतत फिरवायचं असेल तर मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप. यात शाफ्ट बाहेर येतच नाही. मोटर बाहेरचा चुंबक फिरवते आणि आतला चुंबक इम्पेलरसकट फिरतो, म्हणून सीलमधून गळण्याचा प्रश्न मिटतो. पण याचे बुश द्रवानेच थंड राहतात. कोरडा चालला तर एखाद्या मिनिटातही बुश आणि शाफ्ट जातात, प्लास्टिक वितळतं. लोखंडाचा गाळ आतल्या चुंबकाला चिकटतो, त्यामुळे वापरलेल्या पिकलिंग अ‍ॅसिडसाठी हा पंप नको.

गाळ असेल किंवा टाकी मधूनच रिकामी होत असेल तर हवेवर चालणारा डबल डायाफ्राम पंप. कोरडा चालतो, स्वतः ओढून घेतो, पुढचा व्हॉल्व्ह बंद झाला तर गुपचूप थांबतो, आणि ओल्या जमिनीवर वीज लागत नाही. याची एकच मोठी खोड: डायाफ्राम फाटला की अ‍ॅसिड सायलेन्सरच्या तोंडातून फवाऱ्यासारखं बाहेर येतं. म्हणून सायलेन्सर काढून तिथे नळी जोडा आणि तिचं तोंड एका झाकणाच्या कॅनमध्ये सोडा. झाकणाला हवा जायला भोक हवंच. पंपापेक्षा पुरवठ्याची टाकी उंच असेल तर ही नळी आधी टाकीतल्या पातळीच्या वर नेऊन मग खाली आणा.

थेंबाथेंबाने सोडायचं असेल तर डोसिंग पंप किंवा पेरिस्टाल्टिक (नळी दाबत द्रव पुढे सरकवणारा). हायपो उन्हाळ्यात वायू सोडतं आणि डोसिंग पंपाच्या डोक्यात हवा अडकून पंप नुसताच टकटक करत राहतो. वायू बाहेर सोडण्याची सोय असलेलं हेड मागा.

### जुगाड कुठवर चालतो

नवा पंप येईपर्यंत काम अडतं, तेव्हा लोक हाताला येईल ते जोडतात. काही जुगाड खरंच चालतात. पिंप मजबूत घोडीवर चढवून त्याला द्रवाला चालणारा पीपी किंवा एचडीपीईचा (जाड पॉलिथिनचा) नळ लावणं (९८ टक्के सल्फ्युरिकला पीपीचा नको) आणि उताराने द्रव काढणं ही उत्तम पद्धत आहे. घोडी मात्र भरलेल्या पिंपाचं वजन धरून बनवा. २०० लिटर सल्फ्युरिक म्हणजे ३६८ किलो. सायफनही चालतो, पण तो सुरू करायचा हाताने दाबायच्या फुग्याने किंवा हातपंपाने. कॉस्टिक, हायपो किंवा हायड्रोक्लोरिकसाठी दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह असलेला पाइप आधी पाण्याने भरून सायफन सुरू करता येतो. ९८ टक्के सल्फ्युरिकला ही युक्ती कधीच नको, पाण्याशी गाठ पडताच ते उकळून उडतं.

पेंट फवारणीच्या कॉम्प्रेसरवर छोटा डायाफ्राम पंप चालवणं हाही चांगला तात्पुरता मार्ग आहे. कॉम्प्रेसर सारखा धावेल, मध्ये मध्ये थांबावं लागेल, पण काम होईल. रेग्युलेटर मात्र हवाच.

खालच्या गोष्टींना कसलीही सबब चालत नाही:

- तोंडाने ओढून सायफन सुरू करणं.
- पिंपाच्या तोंडाला कॉम्प्रेसरची हवा लावून द्रव वर ढकलणं. पिंप हे दाबाचं भांडं नाही. ते फुगतं, बूच उडतं, आणि समोर उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर सगळं येतं.
- कूलरचा सबमर्सिबल, वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप, घरातल्या पाण्याचा मोनोब्लॉक. यांत कुठे ना कुठे लोखंडी किंवा स्टीलचा शाफ्ट, पितळ आणि नायट्राइल असतं, आणि कूलरच्या पंपात वीज थेट द्रवात बुडलेली असते.
- एकाच पंपाने आज अ‍ॅसिड, उद्या हायपो. आत उरलेलं अ‍ॅसिड हायपोला भेटलं की क्लोरीन वायू तयार होतो. बंद गाळ्यात किंवा तलावाच्या तळघरातल्या पंपरूममध्ये तो जिवावर बेततो.

सावधान: तलावाच्या पंपरूममध्ये हायपो आणि पीएच उतरवायचं अ‍ॅसिड यांचे डोसिंग पंप शेजारी असतात, कॅन सारखे, नळ्याही सारख्या. घाईत नळी चुकीच्या कॅनमध्ये जाते. नळ्यांचे रंग आणि जाडी वेगळी ठेवा, कॅन दोन वेगळ्या परातींत, शक्य तितके लांब. आणि पाणी फिरवणारा मुख्य पंप बंद झाला की दोन्ही डोसिंग पंप आपोआप बंद होतील अशी वायरिंग करून घ्या. नाहीतर थांबलेल्या पाइपात दोन्ही रसायनं साठतात आणि मुख्य पंप सुरू होताच वायूचा लोट पोहणाऱ्यांच्या तोंडाशी निघतो.

## टप्पा ४: मोटर आणि उंचीचा हिशोब

पंपाच्या तक्त्यातले आकडे पाण्याचे असतात. जड द्रवाला मोटर जास्त लागते, आणि हा हिशोब कोणीही करू शकतं: तासाला किती घनमीटर, गुणिले किती मीटर उंची, गुणिले घनता, भागिले ३६७. आलेल्या किलोवॅटला पंपाच्या कार्यक्षमतेने भागा. लहान प्लास्टिक पंपाची ३५ टक्के धरली तरी चालेल.

उदाहरण घ्या. ताशी ५ घनमीटर, १० मीटर उंची. पाणी असेल तर ०.१४ किलोवॅट, कार्यक्षमता धरून ०.३९. तेच ९८ टक्के सल्फ्युरिक असेल तर ०.२५, आणि कार्यक्षमता धरून ०.७२ किलोवॅट. म्हणजे पाण्याला अर्ध्या एचपीच्या थोडं वर लागतं तिथे या अ‍ॅसिडला एक एचपीसुद्धा काठावर पडते. दीड एचपी घ्या. मॅग्नेटिक पंपात तर नुसती मोटर मोठी करून भागत नाही. चुंबकाची पकड कमी पडली की मोटर फिरते आणि इम्पेलर थांबतो. तेव्हा "१.८४ घनतेसाठी" असं ऑर्डरवर लिहूनच पंप घ्या.

ओढण्याची उंचीही घटते. वातावरणाचा दाब पाण्याला हिशोबाने १०.३ मीटर वर चढवतो, १.८४ घनतेच्या द्रवाला फक्त ५.६ मीटर. प्रत्यक्षात त्याच्याही खूप खाली राहावं लागतं. हायड्रोक्लोरिक तर वाफ सोडतं, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ओढताना पाइपातच वायू धरून पंप रिकामा पडतो. म्हणून पंप टाकीच्या तळाच्या पातळीला ठेवा, द्रव आपसूक पंपात उतरला पाहिजे. दाट कॉस्टिक लायसाठी ओढायचा पाइप एक माप मोठा घ्या.

## टप्पा ५: जोडणी

पंपाकडे येणारा पाइप आखूड, सरळ, आणि पंपाच्या तोंडापेक्षा बारीक कधीच नाही. दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह, आणि पंप व व्हॉल्व्ह यांच्या मध्ये खाली एक छोटा निचऱ्याचा नळ. हा नळ बहुतेक फिटर लावत नाहीत, आणि मग पंप उघडताना आत अडकलेलं लिटरभर अ‍ॅसिड बुटावर येतं.

सोसायटीच्या प्लंबरला हे काम दिलंत तर समोर उभे राहा. तो सवयीने चुडीवर सुतळी आणि सफेदा लावेल, मध्ये एखादी जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची) निपल किंवा पितळी फूट व्हॉल्व्ह टाकेल. तिन्ही नकोत. चुडीला फक्त टेफ्लॉन टेप, आणि जमेल तिथे चुडीऐवजी फ्लँज (बोल्टने आवळायचा चकत्यांचा जोड). दाबाचं साधं गेज आतून पितळी असतं. डायाफ्राम सीलवालं घ्या नाहीतर गेजच लावू नका.

नळीला प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प, स्क्रू एकमेकांच्या उलट बाजूला. हायड्रोक्लोरिकच्या वाफेत क्लॅम्प बाहेरूनच गंजतात, दर महिन्याला बघा. फ्लँजच्या जोडावर जाड प्लास्टिकचं आवरण बांधा, म्हणजे गॅस्केट गेलं तर फवारा माणसाच्या उंचीवर उडणार नाही.

हायपोच्या लाइनवर साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला की बॉलच्या पोकळीत हायपो कोंडतं, वायू सोडत राहतं, आणि व्हॉल्व्ह फुटतो. बॉलला पुरवठ्याच्या बाजूने बारीक भोक असलेला, वायू सोडणारा व्हॉल्व्ह मिळतो. तोच लावा, आणि बाणाची दिशा पाहून लावा.

द्रव जिथे सोडायचा ते तोंड पुरवठ्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर पंप बंद केल्यावरही सायफनने द्रव वाहतच राहतो. पाइपच्या सर्वांत उंच जागी हवा घेणारा सायफन ब्रेकर लावा.

विजेचं सामान लोहार चाळीतल्या भल्या दुकानातून: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा), नीट अर्थिंग, आणि स्विच पंपापासून दोन पावलं लांब, दाराच्या वाटेवर. पंपाजवळच स्विच असेल तर गळती झाल्यावर तो बंद करायला कोणी अ‍ॅसिडमध्ये पाय घालेल का? मॅग्नेटिक पंपाला करंट घटला की बंद करणारं ड्राय रन संरक्षण लावा, नव्या पंपाच्या किमतीपुढे ते काहीच नाही.

## टप्पा ६: जागा, अंग आणि पाणी

पंप आणि कॅन दोन्ही एचडीपीईच्या परातीत किंवा कठड्याच्या हौदात. हौदात सर्वांत मोठं पिंप पूर्ण मावलं पाहिजे. पोटमाळ्यावर अ‍ॅसिड चढवू नका. तिथून गळलं तर खाली कोण बसलंय हे अ‍ॅसिड बघत नाही.

अंगावर: डोळ्यांना बंद गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, कोपरापर्यंतचे रसायनाला चालणारे हातमोजे, पीव्हीसीचा एप्रन, गमबूट. पँट गमबुटाच्या बाहेरून सोडा. आत खोचलीत तर ओघळ थेट बुटात साठतो. नुसत्या फेस शील्डने डोळे वाचत नाहीत, खालून उडतं.

आणि पाणी. मुंबईत अनेक गाळ्यांना पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून नळावर विसंबू नका. अंघोळीसारखं भरपूर, सलग पाणी देईल अशी उंचावरची भरलेली टाकी आणि शॉवर हवा. वाट मोकळी, मध्ये दार किंवा जिना नको.

अंगावर उडालं तर कपडे लगेच उतरवा आणि निदान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यांत गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवा, कॉस्टिक असेल तर त्याहूनही बराच वेळ. अ‍ॅसिडवर सोडा आणि कॉस्टिकवर व्हिनेगर चोळू नका, उष्णतेने जखम वाढते. दुसऱ्या माणसाने धुणं सुरू होताच १०८ ला फोन करायचा, आणि डेटा शीट बरोबर द्यायची.

सांडलेल्या अ‍ॅसिडसाठी कोरडी वाळू आणि सोडा अ‍ॅश तयार ठेवा. सोडा कडेकडेने, थोडा थोडा टाका, फेस येतो. लाकडाचा भुसा गाळ्यात सगळीकडे वापरतात, पण नायट्रिक किंवा हायपोवर टाकू नका, नायट्रिकमध्ये तो पेटतो. गोळा झालेला चिखल गटारात नाही. तो घातक कचरा म्हणून अधिकृत प्रकल्पाकडेच जायला हवा, तसा एक सामाईक प्रकल्प तळोज्याला आहे.

## टप्पा ७: पाण्यावर चाचणी

खरा द्रव यायच्या आधी अर्धा तास साधं पाणी फिरवा. तीन फेजची मोटर असेल तर पंपात पाणी भरूनच क्षणभर चालू-बंद करून फिरण्याची दिशा बघा. उलटी फिरली तर चुडीवर बसवलेला इम्पेलर सुटून येऊ शकतो. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरा. पाण्याचा एक थेंब दिसला तर तिथे अ‍ॅसिडही गळणार, "बसल्यावर थांबेल" असं होत नाही.

हवेच्या पंपाला इथेच दाब ठरवा. हा पंप जितकी हवा द्याल तितकाच दाब द्रवाला देतो. कॉम्प्रेसरचे ७ बार तसेच सोडले तर ब्रेडेड पाइप क्लॅम्पमधून निसटतो. २ बारपासून सुरू करा आणि काम होईल तिथे थांबा.

सावधान: ९८ टक्के सल्फ्युरिकची लाइन असेल तर चाचणीनंतर शेवटचा थेंबही काढा, कोरड्या हवेने लाइन वाळवा. खोलगट भागात राहिलेलं वाटीभर पाणी पहिल्या धारेला उकळतं.

## टप्पा ८: पहिली खेप

एकटं काम करायचं नाही. दुसरा माणूस स्विचजवळ उभा, त्यानेही गॉगल घातलेला.

१. जिथे द्रव जायचा त्या टाकीत पुरेशी जागा आहे का ते डोळ्यांनी बघा, आणि दोन्ही टाक्यांची हवा जायची वाट मोकळी आहे का तेही. बूच घट्ट बंद ठेवून उपसलं की पिंप पिचकतं.

२. पुरवठ्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि द्रव पंपात उतरू द्या. सेंट्रिफ्यूगल आणि मॅग्नेटिक पंपाचा पुढचा व्हॉल्व्ह थोडासाच उघडा ठेवा. डोसिंग आणि पेरिस्टाल्टिकचा मात्र पूर्ण उघडा, ते बंद व्हॉल्व्हवर दाब वाढवत जातात आणि नळी फोडतात.

३. चालू करा, आणि दहा-पंधरा सेकंदांत दुसऱ्या टोकाला द्रव दिसला नाही तर बंद. "ओढेल आत्ता" म्हणत थांबल्यानेच मॅग्नेटिक पंप जळतात.

४. मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडून प्रवाह ठरवा. पुरवठ्याच्या व्हॉल्व्हने प्रवाह कधीच कमी करायचा नाही, पंप उपाशी पडतो.

५. अ‍ॅसिड पातळ करायला पाण्यात सोडत असाल तर आधी पाणी, मग बारीक धारेने अ‍ॅसिड, आणि टाकी गरम होतेय का ते बघत राहा. पीपी गरम झाला की त्याची ताकद घटते.

आवाजाकडे लक्ष द्या. खडे फिरल्यासारखी खरखर म्हणजे पंपाला द्रव कमी पडतोय किंवा हवा शिरतेय.

## टप्पा ९: बंद करणं, धुणं, ठेवणं

पंप आधी बंद, मग व्हॉल्व्ह, मग निचऱ्याच्या नळातून उरलेला द्रव कॅनमध्ये. हवेच्या पंपाची हवा तोडून लाइनमधला दाब उतरल्याशिवाय क्लॅम्पला हात लावू नका.

धुताना मगभर पाणी ओतून हलवणं हे न धुण्यापेक्षा वाईट, विशेषतः स्टीलच्या सल्फ्युरिक पंपाला. आत नेमकं तेच पातळ अ‍ॅसिड तयार होतं जे स्टील खातं. आधी पूर्ण निचरा करा, मग भरपूर वाहतं पाणी, लिटमस तटस्थ येईपर्यंत, आणि मग वाळवा. धुवणाचं पाणीही गटारात नाही. ते साठवा, तटस्थ करा, तुमच्या प्रक्रिया टाकीकडे न्या.

पंप दुरुस्तीला पाठवताना त्यावर कोणता द्रव होता आणि तो कसा धुतला ही चिठ्ठी बांधा. बाजारातला कारागीर पंप उघड्या हातांनी खोलतो, त्याला कळायला दुसरा मार्ग नाही. गाळ्यातही प्रत्येक पंपावर, नळीवर आणि सुट्या ओ-रिंगच्या पिशवीवर द्रवाचं नाव व तीव्रता न पुसणाऱ्या शाईने लिहा. पेरिस्टाल्टिकची नळी आणि हवेच्या पंपाचा डायाफ्राम फुटायची वाट न बघता उत्पादकाने सांगितलेल्या तासांवर बदला. बदलल्याची तारीख पंपाच्या पाटीशेजारीच लिहा, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला कोणाला फोन करून विचारावं लागणार नाही.